छोट्या सीएनसीवर एंडमिल सरळ खाली उतरवताना नेमके काय होते?

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात टेबलावर मावणारी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणारी, मशिने आता नवलाईची राहिलेली नाहीत. कोणी त्यावर देवघराच्या जाळ्या आणि दारावरच्या नावाच्या पाट्या कोरतो, कोणी सराफासाठी पितळी ठसे करतो, तर कोणी शेतातल्या पंपाच्या दुरुस्तीला लागणारा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घरीच घडवतो. ही मशिने घेणाऱ्या बऱ्याच जणांनी त्याआधी मिलिंग मशीनवर काम केलेले नसते. संगणकावर आकृती काढायची, सॉफ्टवेअरकडून कटरचा मार्ग आखून घ्यायचा आणि बटण दाबायचे, एवढीच त्यांची या कामाशी ओळख असते. लाकडापर्यंत ती पुरते. अ‍ॅल्युमिनियमची पहिली पट्टी पकडली की मात्र अनेकांना एकच अनुभव येतो. कटर फिरवणारे स्पिंडल खाली येते, कटर पट्टीला टेकतो, कर्कश आवाज उठतो आणि एक-दोन सेकंदांत कटर मोडतो किंवा मोटर अडखळते. तोवर कटर आडवा एक मिलिमीटरही सरकलेला नसतो.

मग दोष कटरच्या दर्जाला किंवा मशीनच्या किमतीला दिला जातो. त्यात तथ्य असू शकते, पण बहुतेक वेळा खरे कारण त्या पहिल्या दोन सेकंदांतल्या हालचालीत असते. हा कटर म्हणजे एंडमिल. ते प्रामुख्याने कडेने कापणारे हत्यार आहे आणि आपण त्याला, बहुधा नकळत, टोकाने भोक पाडायला लावलेले असते. कटर आडवा न सरकवता वरून सरळ खाली धातूत उतरवण्याला प्लंज म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये आपण काही वेगळे निवडले नाही, तर पुष्कळदा हाच प्रवेश आपोआप धरला जातो. कापणे आणि कापायला सुरुवात करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाचा स्वतंत्र विचार केला तर छोट्या मशीनवरही अ‍ॅल्युमिनियम उत्तम कापता येते, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

ड्रिल आणि एंडमिल : दिसायला भाऊ, स्वभावाने वेगळे

दोन्ही हत्यारे गोल असतात, दोन्हींवर वळणदार खाचा असतात आणि दोन्ही फिरून कापतात. या खाचांना फ्लूट आणि त्यांच्या कापणाऱ्या धारांना दाते म्हणतात. कापलेल्या धातूचे कण, म्हणजे चिप्स, त्यांतूनच बाहेर पडतात. सारखेपणा इथे संपतो.

ड्रिलचे टोक शंकूच्या आकाराचे असते. साध्या ड्रिलवर हा कोन ११८ अंशांचा, तर कठीण धातूंसाठीच्या ड्रिलवर बहुधा १३५ अंशांचा असतो. हे टोक आधी मध्यात रुतते आणि बाकीच्या ड्रिलला आपल्यामागून नेते. ड्रिलच्या अंगावरच्या अरुंद गुळगुळीत पट्ट्या भोकाच्या भिंतीला टेकून त्याला सरळ ठेवतात. त्याच्या फ्लूट खोल असतात, कारण भोक कितीही खोल गेले तरी सगळा माल त्याच वाटेने वर चढायचा असतो. ड्रिलला बाजूने दाब सोसावा लागत नाही, म्हणून त्याचा गाभा बारीक ठेवता येतो.

एंडमिलची घडण उलट आहे. तिचे टोक सपाट दिसते, पण ते पूर्ण सपाट नसते. टोकावरचे दाते कडेकडून मध्याकडे किंचित आत गेलेले असतात, साधारण दोन-तीन अंशांनी. त्यामुळे सरळ खाली उतरताना एंडमिलची बाहेरची कोपऱ्याची धार धातूला आधी लागते आणि मध्य सर्वांत शेवटी. रुतून दिशा देणारे टोक नसल्याने ती सुरुवातीला पृष्ठभागावर भटकू शकते. शिवाय तिला आयुष्यभर बाजूचा दाब सोसायचा असतो, म्हणून तिचा गाभा जाड आणि फ्लूट उथळ असतात. चार फ्लूटच्या एंडमिलमध्ये चिप्सना मिळणारी जागा दोन फ्लूटच्या मानाने आणखी कमी होते.

सेंटर कटिंग आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे

आयटीआयमध्ये मशिनिस्टचे काम शिकलेल्या माणसाला हा फरक पहिल्या वर्षातच सांगितला जातो. जुन्या वर्गवारीप्रमाणे दोन दात्यांचा स्लॉट ड्रिल सरळ खाली उतरवता येतो आणि चार दात्यांची एंडमिल येत नाही. आज हा नियम जसाच्या तसा लागू नाही, कारण चार दात्यांच्या अनेक एंडमिलही आता मध्यापर्यंत कापतात. त्यामुळे दाते मोजण्यापेक्षा टोक पाहणे अधिक खात्रीचे.

सराफ हिऱ्याचा खडा पाहायला जे भिंग वापरतो, तसले दहापटीचे भिंग घेऊन एंडमिल टोकाकडून उजेडात धरावी. निदान एक दाता कडेपासून निघून मध्यबिंदू ओलांडून गेलेला दिसला, तर ती एंडमिल सेंटर कटिंग आहे. सगळे दाते मध्याच्या अलीकडे थांबलेले असतील आणि मध्यात छोटे भोक किंवा खळगा दिसत असेल, तर ती तशी नाही. ते भोक म्हणजे दोष नव्हे. एंडमिल घडवताना किंवा पुन्हा धार लावताना तिला दोन्ही टोकांनी धरण्यासाठी ते ठेवलेले असते.

अशी एंडमिल सरळ खाली उतरवली, तर बाहेरचे दाते वर्तुळाकार चर पाडतात आणि मध्यात न कापलेली छोटी गुटी उभी राहते. एंडमिल जसजशी खाली जाते तसतशी ही गुटी खळग्यात शिरते, आणि खळगा भरला की एंडमिल त्या गुटीवर अक्षरशः उभी राहते. त्यानंतर मोटर कितीही जोर लावो, कापले काहीच जात नाही. फक्त दाब आणि उष्णता वाढत जाते. मोडलेला कटर बाजूला काढून जॉबकडे, म्हणजे कापायच्या तुकड्याकडे, पाहिले, तर त्या चराच्या मधोमध घासून चकचकीत झालेला ठिपका दिसतो. तो ठिपका दिसला की कारण शोधण्याची गरज उरत नाही.

“पण पाकिटावर सेंटर कटिंग लिहिले आहे”

हा सर्वांत रास्त आक्षेप आहे. त्याचे उत्तर असे, की सेंटर कटिंग एंडमिलला सरळ खाली उतरता येते, एवढेच त्या शब्दांतून कळते. ते काम तिला चांगले जमते, असे त्यातून निघत नाही.

फिरणाऱ्या हत्याराच्या कडेचा वेग त्याच्या व्यासावर अवलंबून असतो. ६ मिमीची एंडमिल मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर तिच्या बाहेरच्या धारेचा वेग मिनिटाला सुमारे १८८ मीटर होतो, आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी तो ठीक आहे. त्याच एंडमिलच्या मध्याजवळ, १ मिमी व्यासाच्या वर्तुळावर, हा वेग ३१ मीटर उरतो. ऐन मध्यबिंदूवर तो शून्य असतो. तिथला धातू कापला जात नाही. तो दाबून, चिरडून बाजूला सारावा लागतो. बाजूने कापताना ही अडचण येत नाही, कारण तेव्हा काम बाहेरची धार करते.

ड्रिललाही हीच मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या टोकाची मधली आडवी धारसुद्धा कापण्यापेक्षा दाबतेच, आणि म्हणूनच ड्रिल मारताना खाली इतका जोर द्यावा लागतो. पण ड्रिलचा गाभा बारीक असल्याने तो दाबणारा भाग लहान असतो आणि बाकीची सगळी घडण उभ्या प्रवासासाठीच केलेली असते.

हळू उतरवले तर?

कटर मोडला की प्रत्येकाच्या मनात येणारा पहिला उपाय म्हणजे खाली उतरण्याचा वेग कमी करणे. तो अर्धवट बरोबर आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भागच नडतो.

दात्यागणिक किती जाडीची चिप निघते, याला चिप लोड म्हणतात. ६ मिमीच्या दोन दात्यांच्या एंडमिलने अ‍ॅल्युमिनियममध्ये दर दात्याला ०.०३ मिमी काप घ्यायचा आणि १०,००० फेरे ठेवायचे, तर आडवा सरकण्याचा वेग मिनिटाला ६०० मिमी येतो. आता खाली उतरण्याचा वेग भीतीपोटी १२० मिमी ठेवला आणि फेरे तेवढेच राहिले, तर दर दात्याच्या वाट्याला फक्त ०.००६ मिमी येते. कोणतीही धार सूक्ष्म पातळीवर थोडी गोलसर असतेच. काप तिच्या गोलाईपेक्षा पातळ झाला की धार धातूत शिरत नाही, वरून घासत जाते. या घासण्याने उष्णता वाढते आणि धार बोथट होते. स्टेनलेस स्टीलसारख्या धातूचा तर घासलेला थरच अधिक कठीण होतो.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. कोलेटमध्ये, म्हणजे कटर घट्ट पकडणाऱ्या स्पिंडलच्या नळीत, धरलेली एंडमिल अगदी अचूक मध्यावर फिरत नाही. तिचे टोक थोडे बाहेर फेकले जाते, त्याला रनआउट म्हणतात. स्वस्त स्पिंडल आणि स्वस्त कोलेट असेल तर हा फरक मिलिमीटरच्या काही शतांशांइतका सहज असतो, म्हणजे वरच्या ०.००६ मिमीच्या कापाच्या कित्येक पट. त्यामुळे टोक कडेला थोडे मोठे भोक पाडते, भार दोन्ही दात्यांवर सारखा पडत नाही, आणि कार्बाइडसारखा ठिसूळ कटर असा हिसका फार काळ सहन करत नाही.

म्हणजे वेगाने उतरवले तर मशीनला झेपत नाही आणि हळू उतरवले तर कटर घासतो. या कोंडीतून थोडी वाट काढायची असेल, तर उतरण्याचा वेग कमी करताना स्पिंडलचे फेरेही कमी करावे लागतात. फेरे निम्म्यावर आणले, की त्याच १२० मिमीच्या वेगात दर दात्याचा काप दुप्पट होतो. ही साधी जोडी बहुतेक नवखे लोक पाळत नाहीत.

चिप्सना वाट मिळत नाही

एंडमिल जॉबच्या कडेने कापत असते तेव्हा तिच्या परिघाचा एक भाग मोकळ्या हवेत असतो आणि चिप्स तिथून उडून जातात. सरळ खाली उतरताना ती चारही बाजूंनी धातूने वेढलेली असते. चिप्सना फक्त वर चढण्याची वाट उरते, आणि ती वाट उथळ फ्लूटमधून जाते. भोक व्यासाच्या अर्ध्याइतके खोल झाले की फ्लूट भरू लागतात, निघालेल्या चिप्स पुन्हा धारेखाली येतात आणि तोच माल दोनदा-तीनदा कापला जातो.

अ‍ॅल्युमिनियममध्ये याचा परिणाम फार लवकर दिसतो. त्याचा वितळणांक ६६० अंश सेल्सिअस आहे. तिथवर पोहोचण्याची गरजच पडत नाही, त्याच्या बरेच आधी तो मऊ होऊन धारेला चिकटतो. मोडलेल्या कटरची फ्लूट पाहिली तर तिच्यात करड्या-रुपेरी रंगाची घट्ट कांडी बसलेली दिसते, आणि ती टाचणीने उकरूनही सहज निघत नाही. फ्लूट अशी बुजली की एंडमिलचा नुसता गोल दांडा झालेला असतो आणि तो दांडा स्पिंडल धातूत दाबत राहते. भंगारातून आणलेल्या मऊ, जवळजवळ शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या याबाबतीत सर्वांत वाईट वागतात. ६०६१ किंवा ६०८२ या मिश्रधातूंची पट्टी थोडी महाग पडली, तरी शिकणाऱ्याने तीच घ्यावी. पितळाची चिप बारीक तुटते आणि चिकटत नाही, त्यामुळे ठसे करणाऱ्यांना हा त्रास कमी होतो.

कटिंग ऑइलचे थेंब आणि हवेचा झोत यांनी पुष्कळ फरक पडतो. दोन्हींतून एकच निवडायचे असेल, तर मी हवा निवडेन, कारण भोकात साचलेली चिप बाहेर काढण्याचे काम तेल करत नाही.

छोट्या मशीनला हा दाब का पेलत नाही

३०१८ या नावाने विकली जाणारी मशिने आता सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांचे कामाचे क्षेत्र साधारण ३०० बाय १८० मिमी असते. अशा मशीनचे स्पिंडल आडव्या पुलाच्या पुढे लटकलेले असते. कटर खाली दाबला की तेवढाच दाब उलट वर येतो आणि तो स्पिंडलला वर ढकलतानाच संपूर्ण पूल पिळतो. परिणामी कटरचे टोक फक्त वर जात नाही, ते थोडे पुढे-मागेही सरकते. म्हणून सरळ उतरवून पाडलेले भोक पुष्कळदा ठरल्या जागेपासून किंचित हटलेले आणि तोंडाशी लांबट निघते.

या मशीनच्या अक्षांना स्टेपर मोटरी असतात. कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, त्यांना अमुक पावले चाला असे सांगतो, पण ती खरोखर चालली गेली का, हे तो तपासत नाही. खाली उतरताना दाब मोटरच्या ताकदीपलीकडे गेला, की मोटर जागीच थरथरते आणि काही पावले हुकतात. कटर कंट्रोलरच्या समजुतीपेक्षा वर राहतो आणि पुढचा सगळा जॉब कमी खोलीचा निघतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर असताना, बंद डब्यातले मोटरचे ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारे भाग, आधीच तापलेले असतात आणि फार तापल्यास ते स्वतःच्या बचावासाठी क्षणभर बंदही पडतात. म्हणून ज्या जॉबमध्ये जानेवारीत पाऊल हुकले नाही, तोच जॉब उन्हाळ्यात बिघडू शकतो. डब्याला पंखा लावणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

उलट दिशेचाही धोका आहे. एंडमिलच्या फ्लूटचे वळण चिप्स वर खेचते, त्याच वेळी ते एंडमिलला खाली जॉबकडे ओढत असते. कोलेट मळलेले किंवा नट सैल असेल, तर एंडमिल कोलेटमधून हळूहळू खाली सरकते आणि जॉब ठरल्यापेक्षा खोल कापला जातो. एंडमिल बसवण्याआधी कोलेट आणि दांडा पुसून कोरडे करणे, आणि एंडमिल गरजेपुरतीच बाहेर ठेवणे, या दोन सवयींनी निम्म्या तक्रारी संपतात.

मग आत शिरायचे कसे?

आपल्याकडे काळ्या जमिनीत नांगर घालताना कोणी तो जागेवर उभा करून फाळ सरळ खाली दाबत नाही. बैल चालू लागतात, ट्रॅक्टर पुढे सरकू लागतो, आणि फाळ पुढे जाता जाता तिरपा होऊन जमिनीत उतरतो. चार-सहा पावलांत तो हव्या त्या खोलीला पोहोचतो. माती फुटून बाजूला पडायला जागा मिळते आणि ओढणाऱ्यावर एकदम भार येत नाही. एंडमिलनेही धातूत असेच शिरायला हवे.

या तिरप्या प्रवेशाला रॅम्प म्हणतात. कटर आडवा सरकता सरकता थोडाथोडा खाली येतो. छोट्या मशीनवर अ‍ॅल्युमिनियमसाठी २ ते ३ अंशांचा उतार मला योग्य वाटतो. ३ अंशांच्या उताराने २० मिमी चालल्यावर कटर सुमारे १ मिमी खाली उतरलेला असतो. चर सरळ असेल, तर पुढे-मागे येरझारा घालत हवी ती खोली गाठता येते. काप कडेची धार घेते, चिप्सना मागच्या चरातून वाट मिळते आणि वरचा दाब एका ठिकाणी साठत नाही. सेंटर कटिंग नसलेल्या एंडमिलसाठीही हा मार्ग खुला आहे, मात्र तिथे उतार तिच्या टोकाच्या आतल्या कोनापेक्षा कमी, म्हणजे एखाद अंशाचा ठेवावा. नाहीतर मधला न कापणारा भाग तळाला घासतो.

गोल भोक किंवा खोलगट कप्पा करायचा असेल, तर हाच रॅम्प वर्तुळात गुंडाळायचा. कटर गोल गोल फिरत, गोल जिन्यासारखा, खाली उतरतो. ६ मिमीच्या एंडमिलने १० मिमीचे भोक करताना तिचा मध्य २ मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो. त्या वर्तुळाचा परीघ सुमारे १२.५ मिमी, म्हणून ३ अंशांच्या उताराने प्रत्येक फेरीत ०.६६ मिमी खोली मिळते.

इथे एक बारकावा आहे, आणि चांगले काम करणारे लोकही तो विसरतात. सॉफ्टवेअरमध्ये दिलेला वेग पुष्कळदा एंडमिलच्या मध्याचा असतो. मध्य २ मिमी त्रिज्येवर फिरत असताना भोकाच्या भिंतीला कापणारी धार ५ मिमी त्रिज्येवर असते, म्हणजे ती अडीचपट वेगाने सरकते. सरळ रेषेत ६०० मिमी वेग योग्य असेल, तर या भोकासाठी मध्याचा वेग २४० मिमी ठेवावा लागतो. ही दुरुस्ती न केल्यामुळे गोल मार्गानेही कटर मोडतो, आणि मग “रॅम्प करूनही काही फायदा नाही” असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

भोक एंडमिलच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी असावे, नाहीतर मध्यात खांब उभा राहतो आणि तो वेगळा कापावा लागतो. एंडमिलच्या व्यासाला अगदी चिकटून असलेले भोकही नको, कारण तिथे वर्तुळ इतके लहान होते की प्रवेश जवळजवळ सरळच होतो.

“यात वेळ फार जातो”

१० मिमी जाडीच्या पट्टीत वरचेच भोक करायला सुमारे १५ फेऱ्या लागतात. कटरचा एकूण प्रवास १९० मिमीच्या आसपास भरतो आणि २४० मिमीच्या वेगाने तो ५० सेकंदांच्या आत पुरा होतो. तळाशी एक सपाट फेरी धरली तरी मिनिटात काम होते. सरळ उतरवून ६ मिमीचेच भोक मिळाले असते आणि ते १० मिमीपर्यंत रुंद करण्याचे काम पुढे उरले असते. मोडलेला कटर बदलून मोजमापाचा आरंभबिंदू, म्हणजे शून्य, पुन्हा धरायला लागणारा वेळ मी मोजतच नाही.

“मोठे कारखाने तर प्लंज मिलिंग करतात”

करतात, आणि ती फार उपयुक्त पद्धत आहे. साच्याचा खोल कप्पा करताना कटर लांब बाहेर काढावा लागतो, व्यासाच्या चौपटीहूनही अधिक. असा लांब कटर बाजूच्या दाबाने वाकतो आणि थरथरतो. म्हणून तिथे कटर आडवा न चालवता पुन्हा पुन्हा सरळ खाली उतरवतात, कारण उभ्या दिशेने स्पिंडल सर्वांत ताठ असते.

मात्र त्या पद्धतीत कटर दर वेळी आधीच्या कापाच्या शेजारी थोडासा सरकून उतरतो. धातूत फक्त त्याची एक कड असते. मध्य मोकळ्या जागेत राहतो आणि चिप्सनाही मोकळी बाजू मिळते. कटरही त्या कामासाठीच घडवलेला, धारा बदलता येणारा असतो. भरीव धातूत पूर्ण व्यासाने उतरणे आणि ही पद्धत यांत नावापुरतेच साम्य आहे. शिवाय ते मशीन काही टन वजनाचे असते, आपले दोन हातांनी उचलता येते.

“लाकडात तर काही होत नाही”

सागवान, आंबा, कडुनिंब यांत व्यासाच्या निम्म्या खोलीपर्यंत सरळ उतरवणे बहुधा खपून जाते, कारण लाकडाला दाब कमी लागतो आणि भुसा चिकटत नाही. मात्र एमडीएफमध्ये कटर एका जागी रेंगाळला तर कडा काळ्या पडतात आणि धूर येतो. भुसा खाली दाबणारा, म्हणजे उलट वळणाचा कटर सरळ उतरवला तर भुसा भोकातच कोंडतो. तिथे रॅम्प हवाच. अ‍ॅक्रिलिक तर वितळून कटरभोवती गोळा होते.

मग ड्रिलच का लावू नये?

लावावे, जिथे मशीनला जमते तिथे. आधी ड्रिलने भोक पाडून मग त्यात एंडमिल उतरवणे ही जुनी आणि निर्दोष रीत आहे. एंडमिलच्या मध्याखाली धातूच उरत नाही.

अडचण स्पिंडलच्या वेगाची आहे. हायस्पीड स्टीलच्या ड्रिलला अ‍ॅल्युमिनियममध्ये मिनिटाला साधारण ७५ मीटर कडेचा वेग मानवतो. ६ मिमीच्या ड्रिलसाठी तो ४,००० फेऱ्यांच्या आसपास येतो. छोट्या मशिनांची स्पिंडले १०,००० किंवा २४,००० फेऱ्यांसाठी बनलेली असतात आणि कमी फेऱ्यांवर त्यांची ताकद ओसरते. ३ मिमीच्या ड्रिलला मात्र ८,००० फेरे चालतात, म्हणून बारीक ड्रिल अशा मशीनवर सुखाने वापरता येते. मोठे भोक हवे असेल, तर मशीनकडून फक्त मध्याची खूण करून घ्यावी आणि जॉब उभ्या ड्रिल मशीनवर न्यावा, किंवा वर सांगितलेला गोल मार्ग धरावा. पोलादासाठी तर मी हाच सल्ला देईन.

ड्रिल थोडे उतरवून, वर काढून, चिप्स झटकून पुन्हा उतरवण्याला पेकिंग म्हणतात. मोठ्या मशिनांत त्यासाठी जी८३ हा एकच आदेश पुरतो. छोट्या मशिनांत सर्रास असणाऱ्या जीआरबीएल कंट्रोलरला तो समजत नाही, त्यामुळे प्रत्येक वर-खाली हालचाल सॉफ्टवेअरने सुटी करून लिहावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये आपल्या कंट्रोलरचा पोस्ट प्रोसेसर, म्हणजे त्याला समजतील असे आदेश लिहिणारा भाग, निवडला की हे आपोआप होते.

सरळ उतरवणेच योग्य ठरते तेव्हा

एम३ जातीच्या अ‍ॅलन बोल्टचे डोके ५.५ मिमीचे असते. ते पृष्ठभागाखाली बसवायचे, तर आधी ३.४ मिमीचे आरपार भोक ड्रिलने पाडून त्यावर ६ मिमीची एंडमिल सरळ उतरवावी. मध्य आधीच रिकामा आहे, खोली ३ मिमीच आहे, आणि बोल्टला हवा तसा सपाट तळ ड्रिल देऊ शकत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे गोल पाइप. पीव्हीसी पाइपच्या फुगीर अंगावर किंवा तिरप्या पृष्ठभागावर ड्रिल टेकवले की ते घसरते. तिथे सेंटर कटिंग एंडमिल थोडीशी उतरवून आधी छोटी सपाट जागा करून घ्यावी आणि मग ड्रिल मारावे.

भरीव अ‍ॅल्युमिनियममध्ये सरळ उतरण्यावाचून इलाजच नसेल, तर सेंटर कटिंग असलेली दोन दात्यांची, आखूड एंडमिल घ्यावी, फेरे कमी करावेत, एका वेळी व्यासाच्या चौथाईपेक्षा जास्त न उतरता दर वेळी पूर्ण वर काढावी आणि हवेचा झोत चालू ठेवावा. तळाशी रेंगाळू देऊ नये. चष्मा घालावाच, मोडलेल्या कार्बाइडचा तुकडा कुठे उडेल, याचा नेम नसतो.

बटण दाबण्याआधी फाइल उघडून पाहावी

सॉफ्टवेअरने रॅम्प दिला आहे, असे पडद्यावर दिसले तरी मशीनला जाणारी फाइल एकदा साध्या टेक्स्टमध्ये उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. कटर पहिल्यांदा धातूत शिरतो ती ओळ शोधावी, म्हणजे, शून्य जॉबच्या वरच्या पृष्ठभागावर धरलेले असेल तर, जिथे झेडचा, म्हणजे उंचीचा, आकडा पहिल्यांदा उणे होतो ती. त्या ओळीत जी१ (सरळ रेषेत कापत जाण्याचा आदेश) नंतर फक्त झेड आणि फीडचा, म्हणजे सरकण्याच्या वेगाचा, आकडा असेल, एक्स किंवा वाय हे आडवे अक्ष नसतील, तर कटर सरळ खाली जाणार आहे. जी१ सोबत एक्स किंवा वाय आणि झेड एकत्र बदलत असतील तर तो रॅम्प आहे. जी२ किंवा जी३ (गोलाईत चालण्याचे आदेश) सोबत झेड थोडाथोडा खाली येत असेल तर तो गोल मार्ग आहे. कप्पा अनेक थरांत कापला जाणार असेल, तर प्रत्येक नव्या थराच्या सुरुवातीचीही ओळ तपासावी, कारण काही वेळा पहिला थर रॅम्पने सुरू होतो आणि दुसऱ्या थरापासून कटर पुन्हा सरळ खाली येऊ लागतो.